कंदीलवाल्यांना दिलेला होकार

स्लाऊ,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. अनुष्का हिस आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तर आधी आला तो उंच माणूस. दारात उभा, हातात बॅग, अंगात निळं जाकीट. मला वाटलं बॉयलरवाला आला. दोन आठवडे बोलावतेय मी त्याला. हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात नेलं, कपाट उघडलं आणि सांगितलं, बकरी खोकल्यासारखा आवाज येतो. बिचारा वाकला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, हो, हे काही बरं लक्षण नाही. तेवढ्यात परत बेल. आता दारात एक दांडगी बाई, केस पुरुषासारखे कापलेले, छातीवर कंदिलाचं चित्र. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हे तुझे अमेरिकेचे फुटबॉलवाले! पुढच्या शनिवारी येणार म्हणाली होतीस ना ग? त्यांचं विमान बदललं, म्हणून कालच आले. तुझ्या बाबाला, प्रमोदला, फोन केला होता म्हणे, पण शिफ्टवर त्याचा फोन लॉकरमध्ये. तुझी आई हॉस्पिटलात ड्युटीवर. घरात मी एकटी आणि माझा गुडघा.

दोघं सोफ्यावर बसले गुडघे जोडून, अगदी मुलगी बघायला आल्यासारखे. मग माझेही हात तसेच चालले. कांदेपोहे केले, वर खोबरं, कोथिंबीर. त्या ट्रेसीबाईंनी, म्हणजे कोचनी, तीनदा घेतले. उंच तो वॉरेन, क्लबाच्या ऑफिसातला. मी तुझा अल्बम काढला. उंची सांगितली, कोणाला उलटून बोलत नाही सांगितलं, पुरणपोळी येते हेही सांगितलं. वॉरेन सगळं लिहून घेत होता.

माझं इंग्रजी पॅकिंग लाइनवरचं, पण त्यांचं सगळं समजलं हो मला. क्लब नवाकोरा आहे, लँटर्न्स नावाचा. आपण कंदीलवाले म्हणू. ठरलेले इतकेच क्लब असतात, नव्याला यायचं तर लीगकडून जागा विकत घ्यायची. दरवर्षी दोन-दोन वाढतायत म्हणे. आणि जो शेवटी येतो ना, त्याला नव्या मुलींमधून निवडायचा पहिला मान! पंगतीत शेवटी बसलेल्याला पहिली वाढणी. असा न्याय मी कुठे ऐकला नव्हता. मी एकच विचारलं, हरलं तर इथल्यासारखं खाली ढकलतात का. वॉरेन म्हणाला, आमच्याकडे खाली कोणी जातच नाही. बस. माझ्या जिवाला गार वाटलं.

मी उठले, माझी मोरपंखी साडी काढली आणि ट्रेसीबाईंच्या हातात ठेवून सांगितलं, मुलगी तुमची. वॉरेन म्हणाला, अनुष्काला विचारायला हवं. मी म्हटलं, आमच्यात मोठ्यांनी शब्द दिला की तो दिला. तेव्हा आता इथल्या क्लबाच्या कोचबाईंना तुझं काय ते कळवून टाक.

पहिला सीझन संपला की दोघं परत येणार आहेत, पोहे खायला. सहा डिसेंबर म्हणत होते. मी म्हटलं, त्या दिवशी आम्ही महापरिनिर्वाण दिनाला विहारात असतो, दुसऱ्या दिवशी या. तर पुढच्या वर्षी ७ डिसेंबर, रविवार. वॉरेनने फोनमध्ये लिहिलं, मी कॅलेंडर आलं की त्याच्यावर लिहीन.

माया आहे ती असू दे, वजन तेवढं वाढव.
तुझी आजी,
कांताबाई


लेस्टर, कॉलेजचं हॉस्टेल,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस जयभीम. सा. न. वि. वि. (हे बाबांनी फोनवर सांगितलं कसं लिहायचं.)

आजी, तू मेसेज वाचत नाहीस, म्हणून लिहिते. चुका होणार. हसू नको.

फर्स्ट ऑफ ऑल, ते मुलगी बघायला नव्हते आले. वॉरेनने ईमेलमध्ये मला पुरणपोळीचा रेसिपी विचारला. मला टोस्ट पण नीट येत नाही.

मी दोन दिवस खूप रागावली होती. आपला क्लब मला पहिल्यांदा पगाराचा कॉन्ट्रॅक्ट देत होता, आणि शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. आपण मागच्या वर्षी जिंकलो आणि एक डिव्हिजन वर गेलो, तुला आठवतं? तू ढोकळा आणला होता. तिथे अमेरिकेत तसं होत नाही. खाली कोणी जात नाही हे खरं आहे. पण वर पण कोणी जात नाही, आजी. खालच्या लीगमधला क्लब सगळे मॅच जिंकला तरी खालीच. ज्यांनी जागा विकत घेतली, तेच आत. आणि माझा करार लँटर्न्सशी नाही, पूर्ण लीगशी आहे. ते मला एका क्लबमधून दुसऱ्यामध्ये पाठवू शकतात. विचारायला पण नको.

हे सगळं मी तुला आधी सांगायला हवं होतं. तू शब्द देणार हे मला काय माहीत!

मग ट्रेसीने फोटो पाठवला. तुझी साडी त्यांच्या ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावली आहे. आता मी नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू का, फक्त तुझ्या शब्दासाठी नाही. लहानपणापासून कोणी मला घ्यायला प्लेनने आलं नव्हतं.

शुक्रवारी मी आपल्या क्लबला नो सांगितलं. कोच म्हणाली, जागा ठेवू शकत नाही, सॉरी.

जानेवारीमध्ये जाते. लव्ह आणि नमस्कार, आणि राग थोडीशी उरली आहे.
तुझी,
अनुष्का


स्लाऊ,
रविवार, १८ मे २०२५

चि. अनुष्का हिस जयभीम, गालावरून हात. वि. वि.

तुला टीव्हीवर बघितलं! प्रमोदने लॅपटॉपची वायर जोडून दिली. तू बाकावर बसली होतीस, तिसरी. नाकावर ऊन. शेवटची आठ मिनिटं तुला आत घेतलं आणि तू एकदा चेंडू मारलास तो बाहेर गेला, पण काय जोरात गेला! मी वेम्बलीच्या माझ्या मैत्रिणीला, शैलाला, लगेच फोन लावला. ती म्हणाली, अग, बाहेर गेला म्हणजे चुकला. मी म्हटलं, तुझी नात बाहेर तरी मारते का? तिची नात अकाउंटंट आहे.

तुमचे कंदीलवाले सगळ्यांत शेवटी आहेत असं प्रमोद म्हणतो. मी म्हटलं, मग चांगलंच की, पहिली वाढणी तुमची. तो हसला नाही. हल्ली तो हसतच नाही, शिफ्ट फार वाढवल्यात.

आता एक वाईट सांगते. आपला इथला क्लब खाली गेला. शेवटच्या सामन्याला मला शिल्पा घेऊन गेली, तुझ्याबरोबर खेळायची ती. पावसात दोन तास उभी होते छत्री धरून. हरल्यावर मुली चिखलात बसूनच राहिल्या. तुझ्या सात नंबरच्या शर्टात एक पोर्तुगीज पोर होती, ती सगळ्यांत जास्त रडली. मग कोचबाई कठड्याजवळ आल्या आणि आम्हा म्हाताऱ्यांना म्हणाल्या, ऑगस्टमध्ये परत या, खालून सुरू करू. चहावालीने उरलेला केक फुकट वाटला. मला मनातून बरंच वाटलं बघ, तू त्या चिखलात नव्हतीस. आजीने तुला बरोबर जागी दिली.

तो शिक्का लागलेला कराराचा कागद तू पाठवलास, तो प्रमोदने वाचून दाखवला. दुसऱ्या क्लबात पाठवू शकतात हे मला आवडलं नाही. सासर एक असावं. ट्रेसीबाईंना सांग, मी विचारलंय म्हणून. लिंबाचं लोणचं पाठवलंय, कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं तर त्यांचं भलं होवो.

ओढ असू दे, आणि ऊन लागेल तिथे टोपी घाल.
तुझी आजी

ता. क. बॉयलर अजून खोकतो. वॉरेनइतकं लक्ष देऊन त्याचं कोणी ऐकलं नाही.


अमेरिकेतून,
९ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस जयभीम. सा. न. वि. वि.

आजी, हे पत्र बाबांना आधी वाचायला देऊ नको. मी त्यांना फोनवर अर्धंच सांगितलं आहे.

लँटर्न्स बंद झाली. मागच्या महिन्यात एका मंगळवारी ट्रेनिंगला गेलो तर गेटवर कुलूप होता. मालकाने लीगमधली आमची जागा विकली, दुसऱ्या शहरातल्या लोकांना. खेळाडू नाही, कोच नाही, फक्त जागा. त्यांचं नाव दुसरं, रंग दुसरा. ट्रेसीला ईमेलने काढलं. वॉरेन ऑगस्टमध्येच दुसऱ्या क्लबमध्ये गेला होता, तेव्हा आम्हाला कळायला हवं होतं.

मॅच हरलो म्हणून नाही, आजी. शेवटच्या महिन्यात आम्ही चार जिंकले होते. दोन गोल माझे. त्याने काहीच फरक पडला नाही.

मग लीगने आमची नावं बाकीच्या क्लबमध्ये वाटली. एका क्लबने माझं नाव त्यांच्या यादीत घेतलं, पण खेळायला बोलावलं नाही. फक्त यादीत ठेवलं, कारण उद्या कोणाला मी हवी असेन तर त्यांना बदल्यात काहीतरी मिळेल. माझा करार पुढच्या वर्षाअखेरपर्यंत लीगशी आहे. मी विचारलं, मला सोडा, मी घरी खेळीन. ते म्हणाले, अर्ज करा, बघू. मी तीन अर्ज केले. खेळत नाही म्हणून नोव्हेंबरनंतर व्हिसा पण नाही.

पेपरमध्ये मोठी बातमी आहे, पुढच्या वर्षी लीगमध्ये दोन नवीन टीम, नवीन स्टेडियम. लीग वाढते आहे. त्याच बातमीच्या खाली एका ओळीत आम्ही आहोत.

आमचं सामान घ्यायला आत सोडलं, तेव्हा तुझी साडी मी भिंतीवरून काढून घेतली. मॅनेजर म्हणाला, क्लबचं सामान नेता येणार नाही. मी म्हटलं, हे माझ्या आजीचं आहे. पहिल्यांदा मी इथे कोणाला उलटून बोलली.

तुझ्यावर राग नाही. आधी होती, आता नाही. सगळंच कमी झालं आहे.
अनुष्का


स्लाऊ,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. अनुष्का हिस जयभीम, आणि ये बाई लवकर. वि. वि.

तू २९ तारखेला येतेस हे ऐकून मी घरभर फिरले, गुडघा विसरून. तुझी गादी उन्हात टाकायची होती, तर ऊनच नाही, म्हणून रेडिएटरला टेकवून ठेवलीय. तुझ्या आईने, भावनाने, रजा मागितलीय. शैलाला सांगितलं, नात अमेरिकेहून येतेय. कशासाठी ते नाही सांगितलं. तिने विचारलंही नाही, म्हणजे तिला माहीत आहे.

तुझं पत्र मी एकटीनेच वाचलं. अक्षराला अक्षर लावायला दोन दिवस गेले. विहारातल्या वर्गात साठाव्या वर्षी लिहायला शिकले, ते असलं वाचायला नव्हे. एकदा वाटलं, मला नीट लागत नाहीय. मग परत वाचलं. नीट लागलं होतं.

शनिवारी मी शिल्पाबरोबर मैदानावर गेले. तुझ्यासाठी शब्द टाकायला. आता मला शब्द टाकायची सवयच लागलीय. कोचबाई ओळखून पुढे आल्या, माझे हात धरले. म्हणाल्या, अनुष्का हवीच आहे, पण तिकडून तुझं नाव सुटल्याचा कागद येईपर्यंत नोंदवता येत नाही. आणि तो कागद त्यांनी दोनदा मागवलाय, उत्तर नाही. पुढच्या वर्षीचं काय, विचारलं. त्यांनी माझी शाल नीट केली आणि मुलींकडे बघत राहिल्या. आपल्या मुली खालच्या डिव्हिजनला खेळतायत, त्यातही हरल्या. पण होत्या ग मैदानात. तीच पोर्तुगीज पोर सात नंबर घालून. तुमचे कंदीलवाले हरले नाहीत, खाली गेले नाहीत, नाहीसेच झाले. हे असं असतं हे मला त्या दिवशी सोफ्यावर कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का कोण जाणे. मी पडण्याचंच विचारलं. जन्मभर पडायचीच भीती वाटली मला, तर चढायला वाट कुठे आहे हे विचारायचं सुचलंच नाही. आणि तुला विचारायचं तर मुळीच नाही. तुझं पाऊल, शब्द माझा.

प्रमोदने त्याच्या गोदामात तुझ्यासाठी बोलून ठेवलंय. दिवसाची पाळी, पॅकिंग. तुझ्या पायात जोर आहे म्हणून त्यांना आवडेल, असं तो म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडी धुवायला लागला. धुतलेलीच होती.

मी खूश आहे बघ. खोटं नाही सांगत. तू माझ्यासमोर बसून जेवशील, आणखी काय हवं म्हाताऱ्या माणसाला? पण तू जेवताना मैदानाच्या बाजूची खिडकी लावून घेईन. शनिवारी शिट्टीचा आवाज येतो.

साडी आण. घडी मोडू नको, मी मोडीन. बॉयलर काल बंदच पडला, तेव्हा जाड मोजे घालून ये.

आणि कॅलेंडरचं. स्वयंपाकघरात तुझ्या आईने ते बघितलं आणि खोडू का विचारलं. मी नको म्हटलं. ट्रेसीबाईंना ईमेलने काढलं, त्यांनी तरी काय करावं? आणि वॉरेनने फोनमध्ये लिहून घेतलं होतं, माझ्यासमोर. पोहे जाड आणून ठेवलेत. कोणी आलं नाही तर आपण चौघं खाऊ.

जीव लावतेस तसा लावत राहा, रागासकट.
तुझी आजी,
कांताबाई

ता. क. तुझ्यासाठी नीट उतरवून देते, माझ्याच अक्षरात आहे, मोठं, लाल पेनाने: ७ डिसेंबर, रविवार, पाहुणे परत येणार.