फलकावरची डावी वाट

१२ ऑगस्ट
सकाळी धोंडूभाऊंचा फोन. घाटमाथ्यावरच्या उद्यानात ते पहारा करतात. काल लोणीचे एक रिटायर मास्तर कड्यावरून पडून गेले. एकटेच आले होते. "ताई, तुमी काढलेल्या नकाशाम्होरं लई वेळ उभे व्हते. मंग डावीकडं गेले. धुकं इतकं, की परत दिसलेच न्हाईत."
नकाशात डावीकडे कठडा बांधलेली जागा आहे, दरी बघायची. उघडा कडा उजवीकडे. मग हे कसं?

१४ ऑ.
राजुरीहून पहिल्या एसटीने निघाले. वर पोचायला दुपार.
नकाशाचा फलक ठरल्यापेक्षा वाटेच्या दुसऱ्या अंगाला बसवलाय. मी काढला तो उत्तरेकडे तोंड करून बघणाऱ्यासाठी. इथं माणूस उभा राहतो दक्षिणेकडे तोंड करून. नकाशातलं डावं जमिनीवर उजवीकडे. दोन वर्षं असंच.
बसवल्यावर मला फोटो पाठवला होता. मी "छान" म्हणून कळवलं. जागेवर येऊन बघितलं नाही. एसटीचे चार तास, एवढंच कारण.

१५ ऑ.
सुट्टी, गर्दी. फलकाशेजारी उभी राहून येणाऱ्यांना विचारत होते, कठडा कुठल्या बाजूला? पहिल्या पाचातल्या चौघांनी कड्याकडे हात केला. एक बाई तर लेकराला कडेवर घेऊन निघालीच. धावत जाऊन अडवली. चिडली. "बोर्डावर हेच दाखवलंय ना!"
हो. हेच दाखवलंय.
धोंडूभाऊंनी फलकावर पोतं बांधलं.

१७ ऑ.
नवा नकाशा. समोर दिसतं ते वरच्या बाजूला. कडा लाल, जाड. धोंडूभाऊंच्या बायकोला वाचता येत नाही, त्यांना मुद्दाम दाखवला. बोट बरोबर कठड्यावर गेलं.
उद्यानाच्या साहेबांना नेऊन दिला. म्हणाले, "लावून टाकू गुपचूप. जुन्याबद्दल कागदावर काही नको. तुमचंच नाव येईल, मॅडम."
मी "बरं" म्हणून निघाले. बरं का म्हटलं, कळत नाही.

२० ऑ.
लोणीला गेले. मास्तरांच्या पत्नी ओसरीवर होत्या. नाव सांगितलं, नकाशा मीच काढला म्हटलं.
"लोक काय म्हनत्यात, ठावं हाय? जन्मभर भूगोल शिकवला, त्या मानसाला नकाशा कळंना व्हय? आपल्या मनानं उडी टाकली म्हनत्यात."
सगळं सांगितलं. फलक, फोटो, माझं "छान".
त्या म्हणाल्या, "म्हंजे नकाशावर लिवलं व्हतं तसंच ते गेले."
"हो."
"लिवून द्या."
तिथंच बसून लिहिलं. चूक कुठं झाली, कोणाची. खाली सही. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला. उद्या मुलगा पोलीस ठाण्यात देणार. पुढे काय होईल, माहीत नाही. साहेबांचे फोन येतायत, उचललेले नाहीत.
निघताना "येते" म्हटलं. त्या जागच्या उठल्या नाहीत.