पार्सल येईपर्यंत

सर, यंदा मी दुकानातला कूलर पुन्हा बंद केलाय. लातूरला पाणी रेल्वेनं येतंय हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मान खाली घालून हातातल्या सर्किट बोर्डाकडंच बघत म्हणाला असतात, "त्यानं तिकीट काढलंय का?" आम्ही हसलो असतो आणि तुम्ही हसला नसतात. कूलर बंद झाला की मला तुमच्या घरातली ती पुढची खोली आठवते. बारा वर्षं मी त्या खोलीबद्दल कुणाशी बोलले नाही. आज तुमच्याशी बोलते. तुम्ही ऐकायला नाही, म्हणूनच जीभ उचलतेय.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही भोकरकडून इकडं आयटीआयला आलात. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता, असं तुम्ही सांगायचात. मी तुमच्या वर्गात आले ती बऱ्याच वर्षांनी. रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला वीस मुलं आणि मी एकटी. पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभी होते. तुम्ही ओरडलात, "तिथं मागं काय करून राहिली? म्होरं ये. सोल्डरला पोरगा-पोरगी कळत न्हाई, चटका सारखाच बसतो." मग हातात कपॅसिटर धरून दाखवलात, पेरभर उंचीचं नळकांडं, वर चांदीसारखी सपाट टोपी. "नळाला पानी येतं कवाबी, तहान लागती रोज. म्हनून घरात रांजन ठिवावा लागतो. ह्यो बोर्डाचा रांजन. वीज कमीजास्त येऊ दे, ह्यो पुढं एकसारखी देतो. ह्याच्या आत वल असती. उन्हानं वल आटली की ह्यो फुगतो, न्हाईतर न फुगताच मरतो." लातूरच्या पोरांना रांजण समजवावा लागत नाही. त्या दिवशी मला विजेचं सगळं कळलं असं वाटलं होतं.

बोलणी खाल्ली तो दिवसही आठवतो. प्राचार्यांच्या घरचा टीव्ही दुरुस्तीला आला होता. नवा कपॅसिटर जवळ नव्हता, म्हणून मी एका भंगार रेडिओतला काढून बसवला. चित्र लख्ख आलं. मी तुमच्याकडं कौतुकाच्या आशेनं पाहिलं. तुम्ही मागून डोकावलात, टीव्ही बंद केलात आणि सगळ्या वर्गासमोर तो कपॅसिटर काढायला लावलात. मी म्हटलं, "सर, पण चालतंय की." तुम्ही म्हणालात, "चालतंय म्हनून बसवायचं न्हाई. दुसऱ्याच्या उन्हात भाजलेला हाय त्यो. त्याच्यात किती उरलंय, तुला ठाव हाय का? मला बी न्हाई. जे आपल्याला ठाव न्हाई ते दुसऱ्याच्या घरात द्यायचं न्हाई." नवा यायला अकरा दिवस लागले. प्राचार्यांची एक अख्खी मॅच बुडाली, ते तुमच्यावर धुसफुसत राहिले आणि तुम्ही मख्खपणे चहा पीत राहिलात. मी घरी जाऊन रडले. पण त्या दिवसापासून काढलेला कपॅसिटर मी दुसऱ्याच्या वस्तूत कधी घातला नाही.

पास झाल्यावर तुम्ही मला तुमच्या हातचा पंप दिलात, वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचा. त्याचं बटण तुमच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालं होतं. "नवा घेशील कवातरी, तवर हा," एवढंच म्हणालात. नवा मी कधी घेतलाच नाही. पुढं टीव्ही मागं पडले, कॉम्प्युटर आले, मी दुकान टाकलं. तुम्ही निवृत्त झालात आणि दर गुरुवारी दुकानात येऊन माझ्या चुका काढू लागलात. मग तुम्हाला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं मात्र पहिल्यासारखंच शाबूत. ते आम्हाला तीन महिने कळलं नाही. तुम्ही आमच्याकडं टक लावून बघायचात आणि आम्ही लहान मुलाशी बोलावं तसं तुमच्याशी बोलायचो. त्याची लाज मला अजून वाटते.

शेवटी मला सुचलं. टाइपरायटरवर मराठी टायपिंग तुम्ही कधीकाळी शिकला होतात. मी एक जुना कॉम्प्युटर आणून तुमच्या पलंगाशी लावला आणि अक्षरं बोराएवढी मोठी केली. डाव्या हाताच्या एका बोटानं तुम्ही एकेक कळ शोधत पहिलं वाक्य लिहिलंत: चहा पांचट होतो. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "तीन महिन्यानं तोंड उघडलं, ते बी माझ्या चहावर!" त्यानंतर वर्षभर तुम्ही त्या पडद्यावर बोललात. काकूंशी भांडलात, पेपरातल्या चुका काढल्यात, मला दोनदा मूर्ख म्हणालात.

मग तो उन्हाळा आला. टँकर गल्लीत आठवड्यातून एकदा यायचा. कूलरला रोज दोन बादल्या लागायच्या. तुम्ही टाइप केलंत: कूलर बंद करा. ते पाणी प्यायला. काकू म्हणाल्या, "आवो, अंगाची लाही व्हतीय तुमच्या." पडद्यावर उमटलं: बंद म्हणजे बंद. खोलीची भट्टी झाली. आधी दुपारचा आणि नंतर दहा-दहा मिनिटांनी कॉम्प्युटर अडकायला लागला. गार झाला की चालायचा, पुन्हा अडकायचा. एक दिवस चालू व्हायचाच थांबला.

मी पेटी उघडली. आधी डोळे, मग नाक, मीटर शेवटी, हे तुमचंच शिकवणं. प्रोसेसरच्या बाजूला सात कपॅसिटर ओळीनं उभे. पाचांच्या टोप्या फुगलेल्या, त्यातल्याच एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. मी बोर्ड काढून तुमच्या पुढ्यात धरला. तुम्ही डाव्या हाताचं बोट टोप्यांवरून फिरवलंत. फुगलेल्या पाचांवरून बोट पुढं गेलं आणि सपाट दिसणाऱ्या दोघांवर तुम्ही नखानं टकटक केलंत. मला कळलं. न फुगताच मेलेले. सातही बदलायचे. आजारपणात एवढे खूश तुम्ही मला कधी दिसला नव्हतात. बोर्ड घेऊन मी दुकानात आले. सातही काढायला तुमचाच पंप वापरला.

नवे सात लातुरात मिळेनात. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचेच बोर्ड फुगत होते. माझा दुकानातला कॉम्प्युटरसुद्धा त्याच रोगानं आडवा झाला होता, नाहीतर तोच उचलून आणला असता. हैदराबादला फोन केला. परवा पोचेल म्हणाले. परवा गेला, तेरवा गेला. पार्सल नांदेडच्या मालात चढून तिकडंच पडलं होतं. मी रोज संध्याकाळी तुमच्याकडं येऊन सांगायची, "सर, उद्या नक्की." तुम्ही डोळे मिटायचात.

आता खरं सांगते. माझ्या ड्रॉवरमध्ये पेढ्याच्या खोक्यात जुन्या बोर्डांतले काढलेले कपॅसिटर होते, सोल्डरच्या सरावासाठी ठेवलेले. त्यात बरोबर मापाचे सात होते. पहिल्याच दिवशी मी ते मीटरवर तपासले. सातही चांगले. म्हणजे माझ्या मनात आलं होतं. पार्सल येईपर्यंत हे बसवू का, एवढंच मी तुम्हाला विचारायचं होतं. बोलायला तुम्हाला मशीन लागत होतं सर, मान हलवायला लागत नव्हतं. मी विचारलं नाही. तुमचा नियम तुमच्याच घरात मोडायचा नाही, याचा मला अभिमान वाटत होता. तुम्ही मनात म्हणत असाल, पोरगी शिकली. मला शाबासकी हवी होती, टीव्हीच्या वेळी मिळाली नाही ती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आले तर काकू दारातच. "सकाळधरनं बोट हालवून राहिलेत गं. काय मागायलेत कळंना." आम्ही पाणी दिलं. पंखा फिरवला. खिडकी उघडली, लावली. बाहेरगावी असलेल्या तुमच्या मुलाचा फोटो दाखवला. मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली होती, त्यावर बोट ठेवायला सांगितलं. पण मात्रा कुठली, वेलांटी कुठली, जोडाक्षर कसं दाखवायचं, यात दोन अक्षरांपुढं गाडी जाईना. तुम्ही चिडून पुठ्ठा ढकलून दिलात. मग तुमचं बोट पलंगाच्या फळीवर आपटायला लागलं. इकडं, तिकडं, मध्ये, पुन्हा इकडं. तुम्ही फळीवर टाइप करत होतात. कळांच्या जागा मला पाठ आहेत. मी गुडघ्यावर बसून त्या बोटाकडं बघत राहिले, एकेक अक्षर लावत राहिले, पण एक शब्द लागला नाही. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, वर्गात बघायचात तसे, म्हणजे हिला आता येईल अशा नजरेनं. मला आलं नाही. बोट थकून थांबलं तेव्हा मी म्हटलं, "सर, उद्या पार्सल नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. पार्सल तुमच्या तिसऱ्याच्या दिवशी दुपारी आलं.

काकू म्हणाल्या, "ती पेटी तूच ने गं, मला बगवंना." तेरावा झाल्यावर मी दुकानात बसून बोर्ड पुढं घेतला. पार्सल फोडलं नाही. पेढ्याच्या खोक्यातले सात काढले आणि तेच बसवले. मला बघायचं होतं. बटण दाबलं, मशीन चालू झालं. दहा मिनिटं गेली, तास गेला, दुपारचं ऊन पत्र्यावर उतरलं, तरी चालू. तुमचं लिहिलेलं सगळं त्यात होतं. शेवटची ओळ होती: मशीन गरम होते. तिला बोलवा.

पार्सल अजून तसंच ड्रॉवरमध्ये आहे. मशीन काकू असेपर्यंत झाकून ठेवलं होतं, आता दुकानाच्या कामाला वापरते. गिऱ्हाईक घाईला आलं की मी अजून तुमचंच सांगते: जुना कपॅसिटर बसवणार नाही, नवा येईपर्यंत थांबा. लोक वैतागतात, काही दुसरीकडं जातात. या मशीनमध्ये काय बसवलंय ते मी कुणाला सांगत नाही. हे पत्रही त्याच्यावरच टाइप करतेय. छापून काढणार नाही. कुठं पाठवू?

एक सांगायचं राहिलं. रोज सकाळी बटण दाबताना माझ्या मनात येतं, आज चालू होऊ नये. एकदा तरी जळून जावं, म्हणजे तुमचा नियम खरा ठरेल आणि माझं ते थांबणंही. यंदा कूलर बंद केला तो पाणी वाचवायला, असं मी सगळ्यांना सांगते. आज सकाळीही बटण दाबलं, सर. लगेच चालू झालं.