ओठाची डावी बाजू

नांदुरा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय शालूआत्या,

हिमानीचा नमस्कार. इकडे सगळे बरे. बाबांचा खोकला थांबला. माझ्या दवाखान्याची पाटी परवा लागली.

फोनवर विचारलं की तू म्हणतेस, "हाव, बरं हाय." माझ्या सोयीचं म्हणून मीही तेच खरं मानते. म्हणून लिहायला बसले.

काल अश्विनीवहिनीने सांगितलं. चहाने ओठाची डावी बाजू भाजली, फोड आला, तरी तुला कळलं नाही. हनुवटीला पदर जरी लागला तरी कळ कानापर्यंत जाते. आणि तू घरात बजावून ठेवलंस, "पोरीचा दवाखाना नवा हाय, कोणाले सांगू नका."

आत्या, मी तुझी अक्कलदाढ काढली त्याला तीन आठवडे झाले. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "ओठ अजून सुन्न काऊन हाय?" मी म्हटलं, इंजेक्शन उतरायला वेळ लागतो. खोटं बोलले. इंजेक्शन काही तासांत उतरतं. जबड्यातली नस दुखावली, हे मला त्याच दिवशी समजलं होतं.

त्याच्याही आधीचं सांगायचं आहे. दाढेचं मूळ नसेला टेकलेलं एक्स-रेत दिसत होतं. आधी अकोल्याला स्कॅन करायला हवा होता, तुला धोका सांगायला हवा होता. पण बाहेर चार पेशंट बसले होते, आणि आत्याचीच दाढ आपल्याला जमली नाही असं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं.

बाबांच्या हाती हे पत्र आणि गोळ्या पाठवते. त्यांनाही सगळं सांगितलंय. गोळ्यांनी कळ कमी होईल, गुंगी येईल. चहा कोमट पी. गुरुवारी नागपूरच्या तज्ज्ञांची वेळ घेतली आहे, मी सोबत येईन. नस सुधारेल का, मला खरंच माहीत नाही. उशीर केला तर उपाय कमी उरतात, एवढं माहीत आहे.

रागावलीस तरी ये.

तुझी
हिमानी


जळगाव जामोद,
२१ जानेवारी

हिमानी,

अश्विनीच्या हातानं लिहून घेऊन राह्यली. दुखते त्याचा राग नाही. तीन आठवडे मले वाटलं, लकवा मारला. आरशात तोंड वाकडं झालं का पाहत होती, अन् कोणाले बोलत नव्हती. तुले माहीत होतं.

गुरुवारी येईन. दाढ कोणं काढली, असं डॉक्टरनं विचारलं का तूच सांगजो. मी मधात बोलणार नाही.

आशीर्वाद या खेपेले लिहीत नाही.

शालूबाई