काचेवरचा थर

६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे. बसल्या जागेवरून सगळ्यांना नावं ठेवते.

कारखान्यात मात्र वाईट झालं. औषधाची अख्खी बॅच वाया गेली. टाकीतल्या कॅमेऱ्यातून पडद्यावर स्फटिक छान, एकसारखे दिसत होते. टाकी उघडली तर आत नुसता चिखल. गाळणी तुंबली. कॅमेऱ्याच्या काचेवरच स्फटिकांचा थर धरला होता, आणि आठ तास कॅमेरा तेवढंच बघत बसला.

तुमच्या जागी आलेल्या ऑपरेटरबाईंवर चौकशी बसली आहे. दर तासाला काच गरम पाण्याने धुवायला तुम्ही त्यांना शिकवलं होतं, एवढं दोन ओळींत लिहून पाठवाल? कॅमेरा मी बसवला, म्हणून सगळे माझ्याकडे बघताहेत.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची भाची

११ फेब्रुवारी

चि. चिमे,
अनेक आशीर्वाद.

ताईला म्हणावं, नावं ठेवायला मी आहे, बाकीच्यांना सोड.

त्या बाईंना मी काही शिकवलं नाही. त्या यायच्या आदल्या दिवशी मला घरी पाठवलं, शिकवणार कधी? काच धुवायची हे सांगितलं होतं तुला. तू हसून म्हणालीस, मामा, आता कॅमेऱ्यालाही आंघोळ घालणार का! आणि अहवालात लिहिलंस, यंत्राला जाणत्या माणसाचा हात लागत नाही. त्या एका वाक्यावर माझी तीस वर्षं संपली. तू ताईची मुलगी, म्हणून गप्प बसलो. पण आता दुसऱ्याच्या पोटावर पाय येतोय. घडलं तेच चौकशीला लिहून पाठवलं आहे. राग येईल तुला, येऊ दे.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद काही मागे घेत नाही.
मामा

२ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चौकशीत मोठ्याने वाचलं. साहेब म्हणाले, काढलेला माणूस दुसरं काय लिहिणार! सगळे हसले. मग मला विचारलं, मामांनी खरंच सांगितलं होतं का. मी म्हटलं, आठवत नाही.

बाईंना काढलं. टाकीवर आता कागद चिकटवलाय: काच दर तासाला धुवावी. खाली सही माझी आहे.

जाताना बाई म्हणाल्या, तुमच्या मामांना नमस्कार सांगा, ओळख ना पाळख, तरी माझ्या बाजूने लिहिलं. तो नमस्कार कळवण्यापुरतं हे पत्र. लोभ मागत नाही.

भाची