मेणाचे पेढे

चकलांबा,
बुधवार

प्रिय महानंदा,

पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि घरी पाठवलं असतं तर ते तुझ्याआधी चारजणांनी वाचलं असतं. मुलांना खिचडी वाढून झाली, की दार लोटून निवांत वाच. अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून नवी कातडी धरलेली नाही. पातेलं ओतताना थोडं मेण माझ्याही हातावर सांडलं. तुझ्या दादाच्या हाताचं तू ऐकलंच असशील; मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी आहे म्हणे. ते मी केलं. चुकून झालं नाही आणि मला वाईटही वाटत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मी माफी कधी मागते याची वाट बघत तुला बसायला नको. आणि त्याला या पत्रात मी 'तो' म्हणणार आहे. 'अहो' म्हणायची सवय त्या सकाळी सुटली.

रविवारी इथे आमच्या घरी बैठक आहे. समाजातली चार मोठी माणसं, मामंजी, तुझा दादा आणि माझा भाऊ प्रविण. बैठक कसली, सगळं आधीच ठरलंय. त्याने माझ्यावरची पोलिसांतली तक्रार मागे घ्यायची, मी सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडायचं आणि त्याच दुपारी त्याच्या गाडीत बसून बीडला परत जायचं. त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात. प्रविण म्हणतो, "अक्का, मिटवून घे. नवऱ्याचा हात भाजलायस तू, आता कोण बोलंल तुझ्या बाजूनं?" आई माझ्या साड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरतेय, मी बघितलं की पाठ फिरवते.

हा सगळा उद्योग सुरू कुणामुळे झाला, आठवतं का गं? तुझ्यामुळे. मोबाइलवर तूच दाखवलं होतंस, वात नसलेली मेणबत्ती. बशीत मेणाचा सुगंधी खडा ठेवायचा, खाली पणती लावायची, मेण वितळेल तसा घरभर वास. मी म्हटलं, हे तर मलाही येईल. मग त्याला आकार काय द्यायचा म्हणून आपण दोघींनी माळा उपसला आणि मामंजींच्या बंद पडलेल्या पेढ्याच्या दुकानातले लाकडी ठसे निघाले, बेलाचं पान कोरलेले. मेण कोमट, कणकेसारखं मऊ असताना गोळा करायचा आणि वरून ठसा दाबायचा. पहिला पेढा पडला तेव्हा मामंजी खुर्चीतून उठून बघायला आले होते. "दुकान पुन्हा उघडलं म्हणायचं," असं म्हणाले आणि डोळे पुसले. केवडा, मोगरा, धूप, वेलची. अत्तर कधी घालायचं हे माझं नाक सांगायचं. मेण फार तापलेलं असलं तर वास उडून जातो, फार निवलं तर आत मुरत नाही. थर्मामीटर होता, पण तो मी खुंटीला अडकवून ठेवला होता. माझ्या मदतीला येणारी बबिता म्हणायची, "वयनी, तुमचं नाक हाय का कुत्र्याचं?" मला त्याचा केवढा अभिमान होता.

नारायणगडावरच्या यात्रेत बचत गटांचं प्रदर्शन लागलं, तिथली गोष्ट तू फोनवर ऐकून पोट धरून हसली होतीस. आम्हा दोघींच्या अकलेचं काय सांगू! बेलपानाचा ठसा असलेले, वेलचीच्या वासाचे, पिवळेधमक पेढे आम्ही मांडले कुठे, तर गडावर. आणि वर बबिता लोकांना नमुना म्हणून एकेक हातावर ठेवत होती. गडावर हातात आलेली वस्तू म्हणजे प्रसाद. बंकट नावाचे एक म्हातारे मेंढपाळ आले, त्यांनी पेढा कपाळाला लावला आणि टाकला तोंडात. चावतायत, चावतायत, कपाळाला आठ्या, पण प्रसाद थुंकायचा कसा? गिळला. वर मला म्हणतात, "लई चिवट हाय बाई, दाताला गुतला." त्यांचं बघून मागच्यांनीही खाल्ले. मी हात जोडून सांगतेय, अहो ते मेण आहे, तर एक बाई म्हणाली, देवाचं आहे, काही होत नाही. झालं कुणालाच काही नाही. पण कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं आणि संध्याकाळपर्यंत बीडभर 'मेणाचे पेढे' झाले.

तेव्हा फोनवर तुला मी इथपर्यंतच सांगितलं होतं. पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी त्याच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकं त्याला म्हणायला लागली, बसवेश शेठ, पावशेर पेढे द्या, मेणाचे द्या. तो दुपारीच घरी आला. मामंजी झोपले होते. त्याने आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, शांतपणे, त्याची ती सवय तुला माहीत आहे. मग माझे केस मुठीत धरले आणि डोक्याची मागची बाजू ओट्याच्या कडेवर आपटली. परत आपटली. मी खाली बसले तर छातीवर गुडघा ठेवून ताटातले पेढे उचलले आणि माझ्या तोंडात कोंबायला लागला. "लोकायला खायला घालतीस काय? कावून गं? आता तू खा. समदे खा." जबडा दाबून धरला होता. केवड्याचे होते ते. मेण घशात अडकलं, श्वास कोंडला, मी त्याच्या अंगठ्याला चावले तेव्हा कुठे त्याने सोडलं. अंगठ्यावर पट्टी कसली, असं तू त्याला विचारलं होतंस बघ. सुरी लागली म्हणाला होता. ओटा मीच पुसला, रक्त आणि मेण, दोन्ही.

त्यानंतर मला वास येईना. आधी वाटलं सर्दी आहे. मग एकदा फोडणी जळून काळी झाली, घरभर धूर झाला, आणि मी तिथेच उभी राहून भाकरी थापत होते. त्या संध्याकाळी मी अत्तराच्या सगळ्या बाटल्या उघडून नाकाशी धरल्या. पाणी हुंगल्यासारखं. माझं नाक जो शेवटचा वास घेऊन गेलं, तो तोंडात कोंबलेल्या केवड्याचा. खुंटीवरचा थर्मामीटर काढला आणि त्याच्यावर काम सुरू केलं. बबिताला कळू दिलं नाही. ती म्हणायची, वयनी, हल्ली लई उग्र व्हायलंय, मी म्हणायचे, लोकांना उग्रच लागतं. सुगंध विकणाऱ्या बाईला वास येत नाही हे फुटलं असतं तर धंदा बसला असता. साऱ्या जगात मी हे, आणि ते त्याच्या मारामुळे झालं एवढं, एकाच माणसाला सांगितलं, पंचमीला तू माहेरी आलीस तेव्हा, झोक्यापाशी. तू माझं डोकं मांडीवर घेऊन रडलीस. मी नाही रडले.

मला भीती एकाच गोष्टीची होती, गॅसची. म्हणून मी एक युक्ती काढली होती. सगळं आवरलं की सिलिंडरवरचं बटण बंद करायचं आणि त्याच्या फटीवर गरम नारिंगी मेणाचा एक ठिपका टाकायचा. सकाळी ठिपका शाबूत दिसला की मगच शेगडी पेटवायची. तो ठिपका मी एक दिवसही चुकवला नाही, हे तुला शपथेवर सांगते. अमावास्येला मामंजी नेहमीप्रमाणे कपिलधारला मुक्कामी गेले होते. घरात आम्ही दोघंच. सकाळी मी उठले तर तो निघून गेलेला. नऊच्या आत अंथरूण न सोडणारा माणूस, दुकानात माल यायचाय असं रात्रीच सांगून ठेवलेलं. खिडक्या बंद. वीज गेलेली. ओट्याखाली अंधार होता, मोबाइल बाहेर खाटेवर, आणि काडेपेटी हाताशी. ठिपका नीट दिसावा म्हणून मी खाली वाकले आणि काडी बाहेर काढली.

तेवढ्यात बबिता आली. उंबऱ्यातूनच किंचाळली, "वयनी, काडी टाका! घरभर ग्यास भरलाय!" मला काही कळेना, मी तशीच वाकून. ती धावत आली आणि माझी वेणी धरून मला फरफटत अंगणापर्यंत नेलं. गुडघे सोलले. बाहेर आल्यावर तिने मला एक सणसणीत थोबाडीत मारली आणि मग गळ्यात पडून रडायला लागली. "तुमाला वास कसा यीना? मरायचं हाय का?" नाकाला पदर लावून तीच आत गेली, खिडक्या उघडल्या, बटणं बंद केली. घर निवळल्यावर मी जाऊन बघितलं. शेगडीचं बटण पूर्ण फिरवलेलं होतं. आणि सिलिंडरवरचा माझा ठिपका मोडलेला, त्याचा नारिंगी चुरा खाली फरशीवर.

दुपारी वीज आली तेव्हा मी विजेच्या शेगडीवर मेण ठेवलं. हाताला काहीतरी काम हवं होतं. बबिता पाणी आणायला मागे गेली होती. तो आला. दारात थांबला, महानंदा, आणि आत पाऊल टाकायच्या आधी त्याने नाक वर करून वास घेतला. मी पाठमोरी होते, पण समोरच्या स्टीलच्या डब्यात मला तो दिसत होता. मग आत येऊन ओट्यावर हात टेकवून म्हणाला, "काय गं, ग्यासचं बटण बंद करायला इसरलीस काय?" त्याला तोवर कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. मी पातेलं उचललं आणि त्या हातावर रिकामं केलं. तो ओरडला तेव्हा गल्लीतली माणसं धावून आली, आणि त्यांनी बघितलं ते एवढंच: नवरा भाजलेला, बायको पातेलं घेऊन उभी. मेण निवत गेलं तसं त्याच्या बोटांवर पांढरं झालं. त्याच हाताने माझा जबडा धरला होता.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. माझी तक्रार पोलिसांनी लिहून घेतली आहे, डॉक्टरांनी माझं नाक तपासून कागदही दिलाय. पण तो म्हणतो, "पहाटं मी चहा केला, बटण ऱ्हायलं आसंल. हिला वास येत न्हाई हे मला कुठं ठाव हाय? दुसऱ्या कुनाला बी वास आला आसता." ठाण्यातल्या जमादारांनी मला विचारलं, तुमच्या नवऱ्याला हे माहीत होतं असं कोण सांगणार? मी तुझं नाव दिलं, आणि तू त्यांना फोनवर म्हणालीस, मला यातलं काही माहीत नाही. महानंदा, पंचमीहून परत गेल्यावर तू मला किती खुशीत फोन केला होतास! "वहिनी, आज दादाला लई झापलं. म्हणलं, तुझ्या मारानं तिचं नाक गेलं, उद्या गॅस उघडा राहिला तरी तिला कळायचं न्हाई, दवाखान्यात ने तिला." तू मायेनं बोललीस, यात मला शंका नाही. त्याने त्यातला फक्त गॅस उचलला. तेच वाक्य, जसं दादाला बोललीस तसंच, रविवारच्या आत बीडला येऊन जमादारांपुढे बोल. माझ्यासाठी जमत नसेल तर त्याच्यासाठी बोल. कारण रविवारी मला त्या घरात परत पाठवलं तर मी पुन्हा मेण तापवणार आहे, आणि या वेळी ते हातावर ओतणार नाही. त्या दारातून मग आम्हा दोघांपैकी एकच जण चालत बाहेर येईल. पुढच्या पंचमीला तुला न्यायला दादा जिवंत हवा असेल, तर त्याच्याविरुद्ध खरं सांगायला तूच ये.

तुझीच, अजून तरी वहिनी,
प्रणिता