परातीत की बाजूले

तर बाबा, परात अजून काकाकडंच होती. मायले माहीत होतं वाटते, पण ती कधी बोलली नाही. मले वाटे काकानं कधीच मोडीत घातली असन. अन् ती इतके वर्षं आपल्याच धुऱ्याच्या, बांधाच्या पलीकडं, काकाच्या गोठ्यात पडली होती. म्हशीसाठी सरकीची ढेप भिजवतात तिच्यात. मी गेली तेव्हा म्हैस तोंड घालूनच होती. पितळ काळं पडलं, एका बाजूनं पोचा आला, पण काठावर तुम्ही खिळ्यानं कोरलेला क्रूस बोटाले लागला अन् मी तिथंच गोठ्यात खाली बसली. हे कोणाले तरी सांगायचं होतं. मायपाशी काकाचं नाव काढलं की ती चूप होते, म्हणून तुम्हाले लिहून राह्यली.

परात काऊन शोधत होती ते ऐकून तुम्ही हसान. तुमची पोरगी तुमच्याहूनही जुन्या वळणाची झाली बाबा. बोर्डिंगात सिस्टर गिटारवर गाणे शिकवत, ते म्हटले, विसरली. मग नोकरीले लागल्यावर एक दिवस फोनवर जुनी लॅटिन मिस्सा, फादर वेदीकडं तोंड करून म्हणत ती, पाह्यली अन् वेडीच झाली. आता चर्चमध्ये डोक्यावर ओढणी घेते, कम्युनियनचा प्रसाद गुडघे टेकून जिभेवर घेते, शुक्रवारी मटण बंद. माझ्यासारख्याच पोरापोरींचा एक ग्रुप आहे, कोणी गोव्याचं, कोणी वसईचं, कोणी मंगलोरचं. चर्चनं काय काय सोडून दिलं, देशात काय चाललं, ख्रिस्ती माणसानं त्याच्यावर काय बोलावं, यावर सकाळपासून इंग्रजीत भांडण. मले ते आवडते. खरंच आवडते. त्याच ग्रुपवर कोणीतरी बाहेरच्या देशातल्या गावाचा फोटो टाकला. स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे, पिकासाठी आशीर्वाद मागायचे विनंतीचे दिवस, पुढं क्रूस, मागं फादर, अन् सगळं गाव वावरातून चाललेलं. सगळे हळहळले, की हे आता कुठं राह्यलं. मी लिहिलं, आमच्या घरी होतं. आमचे बाबा करत. डोणगावच्या बाजूच्या एका खेड्यात, टिनाच्या चर्चमध्ये. कोणाले पटलंच नाही.

पण मले सगळं दिसते. मे महिन्यातली सकाळ, तापलेले ढेकळं, तुम्ही पुढं लाकडाचा क्रूस घेऊन, महिन्यातून एकदा येणारे फादर मागं छत्री घेऊन, अन् आपले बारा-पंधरा घरं विहिरीपर्यंत चाललेले. तुम्ही एकेका संताचं नाव घेता अन् मागून सगळे म्हणतात, आमच्यासाठी विनंती कर. शेजारच्या वावरातली माणसं काम थांबवून उभी राहतात. प्रार्थना शिकवता म्हणून साऱ्या गावाचे तुम्ही मास्तर. एखादा ओरडून म्हणतो, मास्तर, आमच्याही वावरावर मारा ना पवित्र पाण्याचे दोन शिंतोडे, अन् तुम्ही मारता. मग चर्चमध्ये वेदीसमोर ही परात. घरोघरच्या बियाण्याची एकेक वाटी तिच्यात ओतायची, सरकी, ज्वारी, तूर, सगळं एकत्र. फादर पाणी शिंपडत, अन् जाताना ज्यानं त्यानं एक मूठ घरी न्यायची. म्हणजे प्रत्येकाच्या वावरात थोडं थोडं सगळ्याईचं उगवे. मी एकदा टपोरे दाणे वेचून राह्यली होती, तर तुम्ही माझ्या मनगटावर टिचकी मारली. म्हटलं, "मूठ भर. निवडायचं नाही."

अन् तुमची पेपरची रोजरी. ती तर मी ग्रुपवर सांगितलीच नाही, ती घरातली वाटते. गावात पेपर दुसऱ्या दिवशी येई. तुम्ही तो चुलीपाशी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत, माय भाकरी थापे तेव्हा तिले बातम्या सांगत, अन् संध्याकाळी रोजरीच्या माळेचं एकेक दशक, म्हणजे दहा नमो मरिया, एकेका बातमीसाठी. एक कापसाच्या भावासाठी, एक कुठं बस उलटली असन त्याच्यासाठी, एक परदेशातल्या लढाईसाठी. शेवटचं दशक नेहमी त्या मंत्र्यासाठी, ज्याचं नाव निघालं की तुम्हाले ठसका लागे. मी विचारलं होतं, बाबा, आवडत नाही तर त्याच्यासाठी काऊन? तुम्ही म्हटलं, पेपर वाचून नुसतं च्-च् करायले काय लागते, ते तर कोंबडीही करते. आज आम्ही फोनवर दिवसभर जे करतो त्याले तुम्ही काय म्हटलं असतं ते मले माहीत आहे.

मग पाकिटाची सरकी आली. बीटी. घरची सरकी राखायचं कामच संपलं. एका मोठ्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट येई. मोठ्यातल्या झाडाले बोंडअळी लागत नाही म्हणून त्याचं कौतुक, छोट्यातली सरकी साधी. कृषी केंद्रातल्या चाचांनी तुम्हाले समजावलं होतं, मास्तर, हे छोटं वावराच्या कडेनं लावायचं, अळीले खायले काहीतरी साधं ठेवायचं, नाहीतर ती मोठ्याचीही सवय करून घेईन. तुम्हाले ते इतकं भावलं की त्या संध्याकाळी एक दशक अळ्यांसाठी झालं. माय हसू दाबता दाबता नमो मरियाच विसरली. पण गावात कोणीच ते छोटं पाकीट लावत नव्हतं. पानंदीत फेकून देत. अन् आशीर्वादाच्या दिवशी मोठं पाकीट कोण फोडते? सगळ्याईनं छोटं आणलं. परात भरली, पण त्याच्यातलं काहीच वावरात जाणार नव्हतं. तुम्ही पाहत होते. एकेकाचं पाकीट घेऊन, तोंड घट्ट मिटून ओतत होते. काकाची पाळी आली अन् तुमचा हात थांबला.

तुम्ही काय म्हटलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. "जे पेरणार नाहीस ते देवाले काऊन दाखवतं बे?" अन् त्याचं पाकीट परातीत न टाकता बाजूले, बाकावर ठेवलं. मागचे काही जण हसले. हसणाऱ्याईचे पाकिटं परातीतच होते. घरी आल्यावर मायनं विचारलं, तर तुम्ही म्हणाले, घरच्याले बोललं की बाहेरचे आपोआप समजतात. बाहेरचे काही समजले नाहीत बाबा. काका तेवढा समजला. दुसऱ्या दिवशी येऊन परात घेऊन गेला, आमच्या मायची आहे म्हणे, अन् त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही. पुढच्या साली आशीर्वादच झाला नाही, त्याच्या पुढच्या सालीही नाही. तुम्ही गेले तेव्हा काकानं खांदा दिला, पण दारापर्यंतच. आत मिस्सा चालली तोपर्यंत तो बाहेर लिंबाखाली उभा होता, डोक्यावरचा रुमाल हातात धरून.

आता इथं नवे फादर आहेत. तरणे आहेत, बाहेरून आलेले, मराठी शिकून राह्यले. मी त्याईच्या मागंच लागली, की विनंतीच्या दिवसाची मिरवणूक पुन्हा काढू. ते लगेच तयार झाले. लॅटिन प्रार्थना म्हणा म्हटलं तर हसले, म्हणाले आधी माझी मराठी तर होऊ दे. उद्या सकाळी आहे. लोकं आता सोयाबीनच जास्त लावतात, त्याचं बियाणं घरचंही असते, तर परात पुन्हा भरू शकते. फक्त परात नव्हती. म्हणून परवा मी हिंमत करून काकाकडं गेली, अन् गोठ्यातच ती दिसली.

काकानं मले ओढणीत पाह्यलं अन् म्हटलं, काय वो मदर सुपिरिअर, आज आमच्या म्हशीले उपदेश का? मी खरं ते सांगितलं. त्यानं परातीतली ढेप घमेल्यात ओतली अन् हापशावर बसून राखेनं, चिंचेनं परात घासायले लागला. मी घासते म्हटलं तर देईना. काकू ओट्यावर बाजेवर बसली होती. तिचे गुडघे गेले आता. जन्मभर निंदण केलं, खाली बसून बसून. मी चर्चमध्ये लोकाईले गुडघे टेकायचा आग्रह करते, पण तिच्याकडं पाहून मले तिथं त्या विषयावर तोंड उघडवलं नाही. परात पिवळी दिसायले लागल्यावर काका घरात गेला अन् एक पाकीट घेऊन आला. चकचकीत, कोरं, कंपनीचं नाव नाही, काही नाही. मी ओळखलं. चोर बीटी. या कपाशीवर तणनाशक मारलं तरी ती मरत नाही, नुसतं तण मरते, म्हणून निंदायले माणसं लागत नाहीत. सरकारची तिले परवानगी नाही. दुकानात मिळत नाही, कोणीतरी गाडीवर येते अन् देऊन जाते. मागच्याच रविवारी फादरांनी मिस्सा संपल्यावर सांगितलं होतं, असं बियाणं घेऊ नका, ख्रिस्ती माणसानं कायदा पाळावा. पहिल्या बाकावरून मान हलवणारी मीच होती.

मी म्हटलं, काका, हे कसं चालेल, हे तर बेकायदा आहे. तो म्हणे, सरकार येते का माह्या वावरात निंदाले? तुह्या काकूले पाठवू? काकूनं तिकडून म्हटलं, पोरीले काऊन छळता. मग काका माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तुह्या बापानं काय म्हटलं होतं? पेरणार नाही ते देवाले दाखवू नको. हे पेरणार आहो मी. लपवून नाही, खरंच पेरणार आहो. परातीत ठेव. बाजूले नाही."

मग त्यानं परात उलटी करून बुडाकडून पुसली अन् तिच्याकडंच पाहत म्हटलं, "तुले माहीत नाही. त्या साली माह्यं ते छोटं पाकीट त्यानं सोताच पेरलं. माह्या धुऱ्यावर, मले न सांगता. उगवलं तं मी सारं उपटून फेकलं. तो त्याच्या वावरातून पाहून राह्यला होता. काही बोलला नाही." परात माझ्याकडं सरकवली. "बोलाले पाह्यजे होतं त्यानं. शिवी तरी द्यायची."

हे तुम्ही आम्हाले कधीच सांगितलं नाही, बाबा. मायलेही नाही. काकाच्या वाटचं तुम्ही गुपचूप पेरून आले, म्हणजे त्याचं पाकीट खोटं राहू नये म्हणून, हो ना? अन् त्यानं उपटलेलं पाहून घरी आले, अन् पेपर वाचला, अन् रोजरी म्हटली. त्या दिवशी कोणतं दशक त्याच्यासाठी होतं, ते मले कधीच कळणार नाही.

कालपासून डोकं चालत नाही. ग्रुपवर विचारलं. लांब लांब उत्तरं आले, की देवाचा आशीर्वाद हा नियम मोडायले पांघरूण होऊ शकत नाही. बरोबर आहे ते, मीही दुसऱ्या कोणाले हेच लिहिलं असतं. एकानं शेवटी विचारलं की कॉटन सीड म्हणजे नेमकं काय, ते खातात का. मले वाटते आशीर्वाद म्हणजे शाबासकी नाही. आजारी माणसाले आशीर्वाद देतो तेव्हा आजाराले थोडीच देतो. पण सगळ्याईसमोर ते कोरं पाकीट परातीत दिसलं तर लोकं शाबासकीच समजतीन. फोडून मिसळायचं तर नावच नको, त्याले लाल विषारी औषध लावलेलं, अन् नकळत सगळ्याईच्या मुठीत ते द्यायचं म्हणजे मीच चोर. बंद पाकीट मधोमध ठेवावं, बस. बाजूले ठेवलं, बाकावर, तर काका पायरीवरूनच माघारी फिरन, अन् तो आता सत्तरीले आला. पुन्हा कधी येईन?

निवडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं. पण त्या दिवशी तुम्ही निवडलं बाबा. सगळ्या परातीतून एकच निवडलं, अन् तेही आपल्याच माणसाचं. मी रागानं म्हणत नाही. तुम्हालेही ते रुतलं असन, म्हणून तर धुऱ्यावर गेले.

आता दुपार आहे, बाहेर आगीसारखं ऊन. माय कुलरसमोर झोपली. परात ओट्यावर आहे, सोयाबीन, तूर अन् मायनं डब्यातून काढलेली ओंजळभर ज्वारी तिच्यात आहे. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, घडी करून लॅटिनच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवीन. पण एक सांगून टाकते. काकाले मी तिथंच हाव म्हटलं, ठेवते म्हटलं. फादरांले विचारलं नाही, अजूनही नाही. हाव म्हणताना मले कायदा आठवला नाही, जुनी मिस्सा आठवली नाही, चर्चच्या पायरीवर चपला काढून राह्यलेला काका तेवढा दिसला. सकाळपासून ते पाकीट दोनदा परातीतून काढलं अन् दोनदा पुन्हा ठेवलं. आत्ता हे लिहिताना ते परातीत आहे, मधोमध. तुम्हाले काय वाटते, बाबा, राहू देऊ?