माझी कावीळ आणि नकाशा शाखा

महाराजपूर, जबलपूर
रविवार, २१ एप्रिल १९९६

तीर्थस्वरूप दिवाकरदादा यांस,

धाकटा मावसभाऊ रामकृष्ण याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. लता बरी आहे, तिचे गुडघे त्यांच्या मानाने बरे आहेत, आणि मीही बरा आहे असं सध्या सगळे मला सांगत असतात. यवतमाळचं ऊन कसं आहे? विनतावहिनींचे सांडगे-पापड घालून झाले असतील, त्यांना नमस्कार सांगावा.

पत्रास कारण की, या महिन्याच्या आठ तारखेपासून मी ऑफिसात पुन्हा रुजू झालो, आणि त्या दिवसापासून माझ्याभोवती काहीतरी शिजत होतं. माझा स्वभाव संशयी, हे तुम्ही लहानपणापासून जाणता. (पाहुणा आल्या आल्या आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारायला लागला, की तो किती दिवस राहणार हे मी ओळखतो. लता म्हणते, लग्नात हार घालून घेण्याआधी मी तो उलटा करून पाहिला होता. तो मुंग्यांसाठी पाहिला होता, हे तिला पंचवीस वर्षांत पटलेलं नाही.) पण या वेळी संशय घ्यायला मला मुद्दाम कष्ट घ्यावे लागले नाहीत.

आधी एक कबुली देतो. डिसेंबरपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी रजेवर होतो आणि लताने तुम्हाला कावीळ कळवली होती. ती कावीळ नव्हती. मला जे झालं त्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, आणि ते असं असतं की माणूस सकाळी पलंगाच्या काठावर बसतो, समोर बादली दिसते, आंघोळ करायची आहे हे ठाऊक असतं, आणि बादलीकडे बघता बघता साडेअकरा वाजतात. ताप नाही, खोकला नाही, बोट ठेवून दाखवावं अशी जागा नाही. एकदा लता दुधाला विरजण लावत होती आणि ते पाहून मला रडू कोसळलं. (विरजणाचा काही दोष नव्हता.) तेव्हा तिने मला रिक्षात घालून इथल्याच गोरखपूर बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर दवाखाना आहे तिथल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांच्या गोळ्या, आणि दर बुधवारी अर्धा तास बोलणं. मी काय बोललो ते आठवत नाही, पण फेब्रुवारीत केव्हातरी मी आपणहून नळ सोडला, आणि लता स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसली.

आता कावीळ कुठून आली ते सांगतो. रजेच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या नकाशा शाखेचा शिपाई दयाराम चौकशीला दारात उभा राहिला. “वहिनीजी, भाऊ काहून नाही येऊन राहिले?” असं त्याने विचारलं आणि लताने पटकन “पीलिया” सांगून टाकलं. डॉक्टरचा दाखला बंद पाकिटातून गेला होता आणि त्यातलं अक्षर ब्रह्मदेवालाही लागलं नसतं, तेव्हा त्या बाजूने धोका नव्हता. मी नंतर तिला विचारलं, कावीळच का? तर तिचा हिशेब पक्का होता. कावीळ पुष्कळ दिवस चालते, कोणी वागण्यावर बोट ठेवत नाही, आणि भेटायला येणारे जेवायला थांबत नाहीत.

तर आठ तारखेला मी शाखेत शिरलो तेव्हा आठही जणांनी आधी माझ्या डोळ्यांत पाहिलं. हे काविळीला धरून होतं, म्हणून मी डोळे चांगले मोठे करून दाखवले. मग माझ्या जागेकडे गेलो, तर माझी जागा जागेवर नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीशी मी चौदा वर्षं बसलो आहे. ट्रेसिंगच्या, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईने नकाशा उतरवण्याच्या कामाला उजेड डावीकडून लागतो आणि माझा बोर्ड तिथे कोणी सहजासहजी ठेवलेला नाही. आता तो थेट आत, कपाटाजवळ, शैलेंद्रच्या टेबलाला टेकवलेला. (शैलेंद्र म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण ड्राफ्ट्समन. मराठी समजतं, बोलताना मात्र दर तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरतो.) मी विचारलं तर म्हणाला, “भाऊ, उधर हवा लगती है, तब्येतीला चांगली नाही.” आणि खिडकीपाशी कोण बसलं होतं? कोणीच नाही. तिथे फायलींचा ढीग रचून ठेवलेला. माझी जागा कोणी बळकावली असती तर मला समजलं असतं. ती रिकामी ठेवली म्हटल्यावर पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुसरा संशय दयारामचा. आमच्या ऑफिसात हा माणूस चहा सांगितला तर तासाभराने ‘कोणाला पाहिजे होता’ असं विचारायला येतो. तो माझ्या मागे सावलीसारखा. मी पाणी प्यायला उठलो की तो उठे. मी जिन्याकडे गेलो की तो जिना झाडायला घेई, आणि तेही मी वर जात असलो तर वरच्या पायऱ्यांपासून. गच्चीच्या दाराला नवं कुलूप होतं. मला वाटलं, माझ्यावर कसलीतरी गुप्त चौकशी बसली आहे. चौदा वर्षांत मी सरकारी पेन्सिली किती घरी नेल्या ते मनात मोजून पाहिलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तिसरा प्रकार उसाच्या रसाचा. रोज बरोबर अकराला, बर्फाशिवाय, लिंबू पिळून, मोठा ग्लास. सगळी शाखा काम थांबवून मी तो संपवतो की नाही ते पाहत असे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माळ. तुमच्याकडेही काविळीची माळ घालतात ना, वनस्पतीच्या काड्यांची? डोक्यावर बसेल एवढीच असते, मग ती रोज वाढत गळ्यात येते, पोटावर येते, आणि पायाशी पोचली की कावीळ उतरली. शैलेंद्रने ती खास बरगीच्या एका म्हाताऱ्याकडून आणली आणि सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर चढवली. दादा, माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. अंगात कावीळच नाही, तर माळ उतरणार कशी? ती जागची हलली नाही तर माझं बिंग फुटणार, सगळ्यांना कळणार की हा माणूस चार महिने दुसऱ्याच कशाने तरी पडून होता, आणि मग माझ्या प्रत्येक रेघेकडे लोक त्या नजरेने पाहणार. म्हणून घरी आल्यावर मी न्हाणीघरात शिरून माळ ओढायला लागलो. दोन्ही पाय आत घालून ताणायची, काड्या तुटणार नाहीत अशा बेताने. लता बाहेरून विचारायची की आत काय करून राहिले. तिसऱ्या दिवशी माळ गुडघ्यापर्यंत आली. शाखेत टाळ्या पडल्या. मला मात्र आश्चर्य वाटलं, कारण माझ्या अंदाजाने मी ती पोटापर्यंतच ओढली होती.

आता मूळ गोष्टीवर येतो. पहिले आठ दिवस मला फक्त नकाशांच्या घड्या घालायचं काम होतं. (आमचे शाखाप्रमुख भय्यासाहेब, त्यांनी स्वतः सांगितलं, “हळूहळू होऊ द्या, चलो, घाई काय आहे.” चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलेलं नाही.) मग गेल्या मंगळवारी कालव्याच्या एका तुकड्याचं ट्रेसिंग मिळालं. हात बसलेला होता, मजा येत होती, आणि एका वळणावर शाईचा थेंब पडला. शाई खोडायला आम्ही ब्लेड वापरतो हे तुम्हाला ठाऊक असेल. अर्धं मोडलेलं ब्लेड, कडेने हलक्या हाताने खरवडायचं. मी खण उघडला. ब्लेड नाही. शैलेंद्रला मागितलं, त्याच्याकडे नाही. उठून आठही टेबलं पाहिली. पूर्ण नकाशा शाखेत एकही ब्लेड नव्हतं! सगळे रबराने शाई खोडत होते. रबराने शाई जाते का? कागद जातो. शैलेंद्रच्या ट्रेसिंगला दोन ठिकाणी भोकं पडली होती आणि त्याचं बोट घासून घासून लाल झालं होतं.

मी त्या बोटाकडे पाहत उभा राहिलो, आणि मला कळलं. कावीळ झालेल्या माणसापासून ब्लेड कोणी लपवत नाही. खिडकी, गच्चीचं कुलूप, दयारामचा जिना, सगळं एकदम कळलं. हे पहिल्यापासून जाणून होते.

दादा, आधी मला राग आला, मग इतकी शरम वाटली की मी नकाशांच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून रडलो. (दयाराम दाराबाहेर खोकत होता. त्याला खोकला नाही.) खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत मला ब्लेडचा विचार कधी शिवला नव्हता, मला दाढीचासुद्धा विचार आला नव्हता. पण त्यांना हे कसं कळणार, मी सांगितलं कुठे होतं? आणि हातात अर्धं ब्लेड देण्याइतकाही ज्याचा भरवसा नाही, तो ड्राफ्ट्समन कसला?

तोंड धुऊन मी सरळ भय्यासाहेबांसमोर जाऊन म्हणालो, मला कावीळ नव्हती. ते सह्या करत होते, सह्या करतच राहिले. म्हणाले, “माहीत आहे. गोरखपूरला तुमच्या डॉक्टरच्या खाली भांड्यांच्या दुकानात दयारामचा साळा आहे.” मग मी विचारलं, मग हा रस, ही माळ, हे काय होतं? तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. “रामकृष्ण, त्या आजारात माणसाला काय द्यायचं हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही ना जी. पीलिया असला की रस पाजता येतो. तुम्ही पीलिया सांगितला, आम्ही म्हटलं अच्छा, हे तर आपल्याला जमते.” आणि माळ? ती मी जेवताना वरणात पडू नये म्हणून काढून खिळ्याला अडकवत असे, तेव्हा शैलेंद्र तिच्या गाठी सैल करत होता. माझी माळ उतरली नाही तर मला वाईट वाटेल म्हणून.

मी ब्लेड मागितलं. ते म्हणाले, डॉक्टरला विचारून या. मी बुधवारी विचारलं. डॉक्टर हसले, मग गंभीर झाले, दोन-तीन प्रश्न विचारले, आणि चिठ्ठी दिली. गुरुवारी माझ्या बोर्डावर कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड होतं. मी तो शाईचा थेंब खरवडायला घेतला तेव्हा आठही माना आपापल्या कामात इतक्या खोल गेल्या होत्या की कोणी काही काम करत नव्हतं. थेंब निघाला, कागद शाबूत राहिला. शैलेंद्रने लगेच हात पुढे केला, “भाऊ, झालं असेल तर जरा इकडे,” आणि त्याच्यामागे बाकीचे, रेशनच्या दुकानासारखी रांग.

लताचा तुम्हां दोघांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमचा,
रामकृष्ण

ता. क. : खिडकी अजून मिळालेली नाही. भय्यासाहेब म्हणतात दिवाळीनंतर बघू. मी घाई करत नाही. रस मात्र चालूच आहे आणि मी तीन किलो वाढलो आहे, यात कोणाचा काय डाव आहे ते शोधतो आहे.

ता. क. दुसरा : हे एवढं सगळं लिहिलं ते खरं म्हणजे पुढच्या चार ओळींसाठी. विनतावहिनींचं लताला पत्र आलं. तुमची कंबर धरली आहे आणि तुम्ही दोन महिने शाळेत शिकवायला गेला नाहीत, असं त्यात आहे. दादा, मी संशयी माणूस. कंबर धरलेला माणूस आडवा पडतो. वहिनी लिहितात, तुम्ही सकाळपासून खुर्चीत बसून असता आणि पेपरची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नाही. आणि शेवटी त्या विचारतात, भाऊजींची कावीळ ज्यांनी बरी केली ते डॉक्टर कंबर पाहतात का? आता तुम्हीच सांगा, काविळीच्या डॉक्टरला कंबर दाखवायला यवतमाळहून जबलपूरला कोण येतं?

तर यावं. नागपूरहून सिवनीमार्गे थेट बस आहे, मी स्टँडवर उभा राहीन. इथे आम्ही सगळ्यांना कंबरच सांगू. लताने मिठाची पुरचुंडी बांधून ठेवली आहे. तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा, तोवर मी रोज तुमची कंबर शेकीन.